एका सहीसाठी

गाऊनांबरोबर यंत्रात ठेवलेली तपासणीची पट्टी दुसऱ्यांदाही फिकटच निघाली. वाफ नीट लागली असती, तर तिच्यावरच्या रेघा काळ्याभोर झाल्या असत्या. बाईंनी यंत्राच्या दारावरून बोट फिरवलं. रबर एका जागी चिरलं होतं. म्हणजे आतले शस्त्रक्रियेचे गाऊन नुसते गरम होऊन निघाले होते.

रुग्णालयाच्या तळघरात एकोणीस वर्षं काढलेल्या या बाईंना सगळे 'वाफेच्या बाई' म्हणत. हत्यारं त्यांनी आदल्या दिवशीच वाफवून ठेवली होती, अडलं होतं ते गाऊनपाशी. आणि वर, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी, त्यांची सख्खी थोरली बहीण सकाळपासून उपाशी बसली होती. आधीच्या दोन तारखा हुकल्या होत्या.

व्यवस्थापक खाली आले. फेस शील्ड ज्या औषधात बुडवता त्यातच गाऊन बुडवा, वाळवा आणि पाठवा, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी हजारदा सांगितलेलं पुन्हा सांगितलं. औषधाने पुष्कळ जंतू मरतात, पण सगळे नाही. चिवट असतात त्यांना दाबाखालची वाफच लागते. फेस शील्ड डॉक्टरांच्या तोंडावर असते, ती औषधात बुडवली की भागतं. गाऊनची बाही उघड्या गुडघ्याला लागते.

"बाई, औषधातलं असो की वाफेतलं, फॉर्मवर शब्द एकच आहे, निर्जंतुक," व्यवस्थापक म्हणाले. "सही करा आणि मोकळ्या व्हा."

"फॉर्मवर एकच असेल, साहेब. जंतूंना ते कुठे ठाऊक?"

सही झाली नाही. बाईंनी दुसऱ्या दोन रुग्णालयांना फोन लावून पाहिले. जास्तीचे गाऊन कुणाकडेच नव्हते. नवं रबर यायला चार दिवस लागणार होते. शेवटी ताईला सांगायला त्या स्वतःच जिना चढल्या.

ताईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "धुतलेले आहेत ना ते?"

"आहेत."

"औषधात घालता येतात?"

"येतात, पण ताई..."

"मग तुझं घोडं कुठे अडलं? पाण्याचा थेंब नाही गं माझ्या पोटात. परक्या बाईनेसुद्धा केली असती सही."

 डॉक्टरांना, नर्सना, घरच्यांना, सगळ्यांना बाईंनी हा फरक समजावला होता. पालथ्या घड्यावर पाणी. त्या ताईसाठी नवी तारीख मागायला निघाल्या.

नवं रबर बसलं आणि पाचव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. जखम कोरडी राहिली, ताप आला नाही, टाके वेळेवर निघाले. घरी जाताना ताईने डॉक्टरांना हात जोडले, नर्सच्या पाठीवरून हात फिरवला. व्यवस्थापकांनाही ती दोन शब्द गोड बोलली. धाकट्या बहिणीशी मात्र सही अडली त्या दिवसापासून कामापुरतंच बोलणं होतं. जे झालंच नाही, त्याचे आभार कोण कुणाचे मानणार?

निघताना ताईला वाकता येत नव्हतं. बाई खाली बसल्या आणि तिच्या सुजलेल्या पायात चप्पल घालू लागल्या. तोल जाऊ नये म्हणून ताईने हात टेकायला जागा शोधली आणि तो बाईंच्या खांद्यावर ठेवला. तिची नजर दाराकडेच होती. हात चांगलाच जड होता. चप्पल केव्हाच पायात गेली होती, तरी बाई तशाच बसून राहिल्या.