दारातला मुंजा

गडमुडशिंगीत बाळासोंच्या भाड्याच्या खोल्यांसमोर भर दुपारी जत्रा लोटली होती. मीनाबाईच्या खोलीच्या लोखंडी दारात म्हणे मुंजा शिरला होता. ओल्या हातानं दाराला शिवेल त्याला तो फेकून देई, आणि मीनाबाईला तर त्यानं अनेकदा आपटलं होतं. त्याचं तिच्यावर मन बसलंय, असा निकाल पिराजी महाराजांनी दिला. या महाराजांना बोलावून आणलं होतं खुद्द घरमालक बाळासोंनी.

प्रीती त्याच चाळीत भाड्यानं राहायची आणि कागलच्या शाळेत विज्ञान शिकवायची. ती शाळेतून परतली, तेव्हा महाराजांचा आसूड मीनाबाईच्या पाठीवर उतरत होता. तिचा ओठ फुटला होता, हनुवटीवरून रक्त ओघळत होतं, आणि तिचे दोन्ही हात करकचून धरून उभा होता तिचाच नवरा बाबासो. प्रीतीच्या डोक्यात तिडीक गेली. वायरिंग दुरुस्त करा म्हणून भाडेकरूंनी बाळासोंचे पाय धरायचेच तेवढे बाकी ठेवले होते. पटत नसेल तर खोली सोडा, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आता वायरमनऐवजी या गृहस्थानं महाराज आणला होता.

महाराजांचं तोंड आसुडापेक्षा जोरात चाललं होतं. हा मुंजा साधासुधा नव्हे, पन्हाळ्यावरून उतरलाय, सात पिढ्यांचा उपाशी आहे, आणि घाबरतो तो एकट्या पिराजीला. एवढं सांगून त्यांनी दार खुशाल हातात धरून दाखवलं. काही झालं नाही. लोकांनी हात जोडले. मग महाराजांनी दारापुढच्या फरशीवर घागरभर पाणी ओतायला लावलं.

"आता हिला दाराला बांधा," ते म्हणाले. "मुंजा तडफडून भाईर पडंल."

दोरी आली. तडफडून मरणार होती ती मीनाबाई, हे प्रीतीनं ओळखलं. तिनं आपल्या खोलीतला टेस्टर आणला, गर्दीत घुसून दाराला टेकवला. टेस्टरचा दिवा लागला. दारात करंट आहे, हे तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत बाळासोंनी तिला असं ढकललं की ती खाली आदळली आणि कोपर सोलून निघालं.

खाली पडल्यावर तिला सगळ्यांचे पाय दिसले. देवाचं काम म्हणून झाडून साऱ्यांनी चपला लांब काढून ठेवल्या होत्या. फक्त महाराजांच्या पायात जाड रबरी तळाच्या चपला होत्या.

"महाराज, देवाच्या कामाला चपला घालून आलाय व्हय?" तिनं मोठ्यानं विचारलं. "काढा, आणि मग धरा दार."

गर्दी चपापली. बाबासोची म्हातारी आई तानाबाई पुढं आली. "खरंच की. आमाला तेवढ्या काढाय लावल्या."

महाराजांनी म्हातारीला आसुडाचा फटका ओढला. आईच्या अंगावर वळ उठलेला पाहून बाबासोचं भान सुटलं. त्यानं महाराजांची गचांडी धरली, लाथेनं चपला उडवल्या आणि त्यांना दाराकडं फरफटत नेलं. हात दाराला लागणार, तोच महाराज किंचाळले, "सोड मर्दा, करंट हाय त्यात. मरतोय मी."

सगळ्यांनी ऐकलं. प्रीतीनं धावत जाऊन मेन स्विच पाडला, म्हणून पिराजी वाचला. लोकांच्या लाथाबुक्क्यांतूनही त्याला तिनंच सोडवलं आणि पोलिसांना फोन केला.

मग तिनं लोकांना चौकट दाखवली. तिच्याखाली वायर चिरडून तांबं उघडं पडलं होतं आणि लोखंडाला टेकलं होतं. अर्थिंगची तार कधीच तुटलेली. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसाच्या अंगातून करंट जमिनीत उतरत होता. रबरी तळामुळं महाराजांच्या अंगातून त्याला वाट मिळत नव्हती. मुंजा म्हणायचा तो एवढाच.

"झटका बसला की मेन स्विच पाडा आणि वायरमन बोलवा," ती म्हणाली. "मालक ऐकत नसंल तर सगळ्यांनी मिळून त्याच्या दारात बसा. पण बाईला मारू नका."

बाळासो मान खाली घालून उभे होते. बाबासोनं दाराला हात लावून पाहिला. दार गार होतं, गप्प होतं. मग त्यानं मीनाबाईच्या खांद्यावर हात ठेवला, आणि झटका बसावा तशी ती मागं सरली.