भिंतीपलीकडची ऊब

रविवारची दुपार नेहमीसारखीच होती. ती बाबांकडे जेवायला आली होती आणि नेहमीसारखीच आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर थांबली होती. आत बाबा गुडघे टेकून एका जुन्या फ्रीजपुढे बसले होते. दुकानात थंड पेयांच्या बाटल्या ठेवतात तसला, काचेच्या दाराचा फ्रीज. बाबांनी हयातभर फ्रीज दुरुस्त केले. हा एक मात्र त्यांनी उलटा करून टाकला होता. गार करणारं सगळं काढलं, तळाला गरम होणारी चटई घातली, पाठीमागे हवा खेळवायला छोटा पंखा बसवला. आत एक अजगर राहत होता.

"जन्मभर गार करत आलो," ते म्हणायचे, "आता एक तरी गोष्ट ऊबदार ठेवतो."

अजगर म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतो तेवढा काही तो नव्हता. मनगटाएवढा जाड, माणसाच्या हाताहून थोडा लांब, तपकिरी अंगावर सोनेरी ठिपके. परदेशी जातीचा, बिनविषारी. एक गिऱ्हाईक परगावी जाताना त्याला खोक्यात घालून बाबांच्या दुकानात ठेवून गेलं. आठवड्याभरात नेतो म्हणालं आणि परत फिरकलंच नाही. तेव्हापासून बाबा त्याला 'भाडेकरू' म्हणत. भाडं देत नाही, पण नळ गळतो म्हणून तक्रारही करत नाही, असं त्याचं कौतुक चाले.

"शहरात बंदी येणार म्हणतात," ती उंबऱ्यावरूनच म्हणाली. ती ग्रंथपाल होती आणि या विषयावरचं हाती लागेल ते तिनं वाचून काढलं होतं. "परदेशी प्राणी घरात पाळायला. मला ते पटतं, बाबा. रानातून पकडून आणतात, कितीतरी वाटेतच मरतात. कुणी कंटाळून सोडून दिले की इथल्या जिवांवर उठतात."

"खरं आहे."

"मग?"

"मग काय! मी याला विकत नाही आणला. हा आला. आता याला काय सांगू, तू बेकायदेशीर झालास, बॅग भर?" बाबांनी भाडेकरूला अलगद उचलून दुसऱ्या हातावर घेतलं. "आपल्या भाषेनंच या बिचाऱ्यांचं नाव घालवलंय बघ. शंका आली की पाल चुकचुकते, दगा दिला की अस्तनीतला साप, खोटं रडलं की मगर. कासव तेवढं सुटलं, तर त्याच्या चालण्याला हसतात." मग त्यांनी विचारलं, "तुला याची भीती वाटते का गं?"

"भीती कसली? प्रश्न तत्त्वाचा आहे."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. "भीती वाटते म्हणालीस तर मी हे दार लावून घेईन. तुला त्या लांबच्या खुर्चीत बसवीन. हळूहळू सवय करून देईन. तत्त्वाला कुठलं दार लावू?"

स्वेटरच्या खिशात तिच्या मुठी घट्ट आवळलेल्या होत्या. त्या त्यांना दिसल्या नाहीत.

"बरं, उद्या मला काही झालं तर याचं बघशील ना?"

"आज कशाला तो विषय?" ती म्हणाली आणि चपला घालायला वळली. बाबांचे दोन्ही हात भाडेकरूत गुंतले होते, म्हणून त्यांनी कोपर हलवून निरोप दिला.

त्याच आठवड्यात बाबा सकाळी भाजी आणायला उतरले ते जिन्यातच बसले. शेजारच्या काकूंनी हाक मारली, पण तोवर ते ओ देण्यापलीकडे गेले होते.

अंत्यविधी झाले. तिनं बाबांच्या घराला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. भाडेकरू अधूनमधूनच खातो, काही दिवस त्याला कुणी लागत नाही, असं बाबा सांगायचे. त्या एका वाक्याचा आधार घेऊन ती रोज 'उद्या जाऊ' म्हणत राहिली. किल्ली हाताला लागली की ती पर्स मिटून टाकी. कुलूप काढायचं, अंधाऱ्या घरात शिरायचं, त्या खोलीच्या दाराशी जायचं, आणि या वेळी आत बाबा नसणार.

शेवटी सेक्रेटरींचा फोन आला. "ताई, इमारतीची मीटिंग लावलीय. तुम्हाला यावंच लागेल."

खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. सेक्रेटरींचं पडद्यांचं दुकान होतं. त्यांचं घर बाबांच्या घराला लागूनच, मधे एक भिंत. काकूंनी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावून घेतलं होतं. भाडेकरूला तपासायला त्या नेहमी येत, म्हणून सगळ्यांच्या ओळखीच्या होत्या.

"बाबांबद्दल आम्हाला आदरच आहे," सेक्रेटरींनी सुरुवात केली. "पण आज साप, उद्या कुणी मगर आणेल. ठराव साधा आहे. इमारतीत सरपटणारा प्राणी नको, आणि आहे तो आजच्या आज बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठे?" डॉक्टरांनी विचारलं.

"बागेमागे तळं आहे की. तिथं त्यांचंच राज्य."

"त्या तळ्याला हा जितका परका, तितकेच तुम्ही. तुम्ही राहाल का तिथं, या गारठ्यात?"

मागून कुणीतरी हसलं. सेक्रेटरी हसले नाहीत.

"हा तिथं मरेल," डॉक्टर म्हणाल्या, "आणि ज्या जाती तगतात, त्या तळ्यातलं बाकी सगळं खाऊन टाकतात. बंदीची कुणकुण लागल्यापासून माझ्या दवाखान्याच्या पायरीवर लोक खोकी ठेवून पळतायत. एकात कासव निघालं, एकात हातभर सरडा. जे पायरीपर्यंतही येत नाहीत, ते कुठे सोडत असतील, विचार करा."

"म्हणजे तुम्ही बंदीच्या विरोधात?"

"विक्री बंद व्हायला हवी, आणि कालच व्हायला हवी होती. रानातला जीव शोभेसाठी काचेत कोंडणं मला मान्य नाही, हे मी बाबांना तोंडावर सांगितलंय. पण यापुढे नको म्हणणं वेगळं, आणि आहे त्याला फेकून द्या म्हणणं वेगळं. त्यानं काय गुन्हा केलाय?"

"डॉक्टर, माझी मुलगी आत्ता रांगायला लागलीय," तळमजल्यावरचा एक तरुण बाप हळू आवाजात म्हणाला.

"तुमचं बोलणं सगळ्यात खरं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तिच्यासाठीच ती पेटी पक्की आहे की नाही, ते मला बघायचंय."

मग सगळ्यांच्या नजरा बाबांच्या लेकीकडे वळल्या. ती उभी राहिली आणि तेच बोलली, जे बाबांशी बोलायची. प्राण्यांचा व्यापार, रोग, इथल्या जिवांची हानी. एकही वाक्य खोटं नव्हतं. "ठरावाला माझी हरकत नाही," ती म्हणाली आणि खाली बसली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. काकू मात्र आपल्या हातांकडे बघत बसल्या.

"ताई, तुम्ही अगदी निश्चिंत राहा," सेक्रेटरी म्हणाले. "घर बंद आहे ना, तर मी अंत्यविधीच्या दुसऱ्याच दिवशी तुमची वीज खालच्या मीटरपाशी बंद करून टाकलीय. ती गरम चटई, ते पंखे… आग लागली असती म्हणजे?"

डॉक्टर ताडकन उठल्या. "चला वर. आत्ता."

कुलूप तिनंच काढलं. आतली हवा बाहेरच्यापेक्षा गार होती. स्वयंपाकघरातल्या बंद फ्रीजखाली पाण्याचं थारोळं साचलं होतं आणि आंबूस वास येत होता. डॉक्टर सरळ आतल्या खोलीत गेल्या आणि काचेच्या दाराशी वाकल्या.

पेटी रिकामी होती!

पाठीमागची पंख्याची जाळी एका कोपऱ्यावर लोंबत होती. दारातली गर्दी किंचाळत मागे सरकली. तरुण बाप जिन्यावरून धावत सुटला, मुलीला जमिनीवरून उचलायला. तीही उंबऱ्यावर खिळली. त्या घरातली प्रत्येक लांब वस्तू आता हलल्यासारखी वाटत होती. पडद्याची दोरी, मोबाईलच्या चार्जरची वायर. दारामागे बाबांचा पट्टा खुंटीला लटकत होता. तो दिसला तशी ती इतकी दचकली की तिचं डोकं चौकटीवर आपटलं.

"पंखा थांबला, गारठा वाढला, म्हणून यानं जाळी ढकलली," डॉक्टर म्हणाल्या. "जाळीला दोनच स्क्रू लावलेत, ती बाबांची चूक. वीज गेली, ती आपली. पेटीत होता तोवर कुणाला धोका नव्हता. आपण घाबरून त्याला बाहेर काढलं." त्यांनी टॉर्च कपाटाखाली फिरवला. "तो ऊब शोधत गेला असणार. पण या घरात ऊब आहे कुठे?"

वीज नाही, गॅस बंद, खिडक्यांतून वारा.

तेव्हा तिला बाबांचा हात आठवला. लहानपणी सुटीत ती त्यांच्याबरोबर कामावर जायची. कुणाकडेही गेले तरी बाबा आधी हत्यारांची पिशवी खाली ठेवायचे, फ्रीजच्या पाठीवर तळहात टेकायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. हत्यार नंतर, आधी हात, म्हणायचे. थंडी अशी काही वस्तूच नसते गं, ऊब निघून गेली की उरतं ते.

तिनं उंबरा ओलांडला. प्रत्येक पावलाला वाटत होतं, आता काहीतरी घोट्याला लागेल. तिनं भिंतीवर तळहात टेकला. गार. पुढे सरकली. गार. खिडकीकडची भिंत तर बर्फासारखी. मग पुस्तकांच्या कपाटाशेजारी हात पोचला आणि ती थांबली. इथली भिंत जेमतेम कोमट होती.

"या भिंतीपलीकडे काय आहे?"

सेक्रेटरींनी घसा खाकरला. "माझं न्हाणीघर. बॉयलर आहे तिथं."

डॉक्टरांनी फटीत टॉर्च मारला. कपाटाच्या मागे, भिंतीला अंग चिकटवून भाडेकरू बसला होता. त्याचा घट्ट गोळा झाला होता आणि डोकं मधोमध लपवलेलं होतं.

"घाबरला की हा असा गोळा होतो," डॉक्टर म्हणाल्या. "चावायचंसुद्धा सुचत नाही त्याला."

सेक्रेटरी बाबांच्या खुर्चीत मटकन बसले. सगळी इमारत ज्याच्या भीतीनं थरथरत होती, तो त्यांच्याच न्हाणीघराच्या भिंतीला बिलगून जीव वाचवत होता. "खरं सांगू?" ते म्हणाले. "मला सापाची भयंकर भीती वाटते. लहानपणापासून. आगीचं कारण मी नंतर शोधलं." कुणी हसलं नाही. ते उठले. "वीज मी बंद केली, मीच चालू करतो."

डॉक्टरांनी कपाटामागे हात घालून पाहिला. कपाट भिंतीला ठोकलेलं होतं, मागची फट खोल. "माझा हात पोचत नाही. तुमचा लांब आहे, पोचेल. खालून आधार द्यायचा, ओढायचं नाही."

तिचा हात आत गेला आणि त्याला लागला. तो ओला नव्हता, बुळबुळीत नव्हता. फक्त गार होता, बाबांचा हात तिनं शेवटचा धरला तेव्हा जसा होता, तसा. मग तो गोळा तिच्या तळव्यावर किंचित हलला, आणि तिनं त्याला बाहेर आणलं.

ठराव नंतर पुन्हा लिहिला गेला, सेक्रेटरींच्याच अक्षरात. यापुढे इमारतीत कुणी असा प्राणी आणणार नाही. आहे त्याची डॉक्टरांकडे नोंद होईल, पेटीला पक्की जाळी आणि कुलूप लागेल, आणि ती पाहण्याचा हक्क त्या तरुण बापाला राहील. "हा शेवटचा असू दे," डॉक्टर म्हणाल्या, "पण हा असू दे."

आपल्या शहरांतही असे ठराव येतात, कायदे येतात, आणि पुष्कळदा ते यायलाच हवेत. परक्या रानातला जीव हौसेखातर घरी आणू नये, हे आपण स्वतःला बजावलं पाहिजे. पण आणलेल्या जिवाला गुपचूप तळ्याकाठी टाकून येणं ही सुटका नव्हे, ती दुसरी चूक आहे. कायदा करताना आपल्यातल्या भीतीला मोकळेपणानं बोलू द्यावं. लेखणी मात्र तिच्या हातात देऊ नये.

सगळे गेल्यावर ती त्या खोलीत एकटीच राहिली. पेटीतला पंखा बारीक घरघरत होता. तिनं काचेवर तळहात टेकला. काच कोमट झाली होती. आत भाडेकरूनं हळूच गोळा सैल केला आणि डोकं बाहेर काढलं. ती मागे सरकली आणि लांबच्या खुर्चीत बसली. बाबा तिला जिथं बसवणार होते, तिथं.

मग ती मोठ्यानं बोलली, त्या रिकाम्या खोलीला ऐकू जाईल एवढ्यानं.

"बाबा, मला भीती वाटते. वाचलेलं सगळं खरं होतं, पण मी उंबऱ्यावर थांबायचे ती भीतीनं. या भाडेकरूची वाटायची. आणि तुम्ही या घरात एकटे असता, याची त्याहून जास्त वाटायची. अजूनही वाटते. पण याचं मी बघते."