बारा जणींना पुरेल एवढं खळं

अर्पिताला बारा बायकांसाठी जागा हवी होती, आणि तेवढ्या निमित्तानं रामकिसनना लेकीच्या गाडीत पुढच्या सीटवर बसायला मिळालं होतं. ती जालन्यात योगाचे वर्ग घेते. जानेवारीत तीन दिवसांचं निवासी शिबिर घ्यायचं तिनं ठरवलं होतं. बारा जणी येणार होत्या. त्यांत शाळेतल्या बाई होत्या, एक नर्स होती आणि एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत काम करणाऱ्या दोघी होत्या. जागा शांत हवी, सपाट हवी आणि सकाळी उघड्यावर बसता आलं पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं होतं. "आबा, तुम्हाला जमिनीतलं कळतं, चला सोबत," असं तिनं फोनवर म्हटलं, तेव्हा "बघतो, कामं पडलीत," असं उत्तर देऊन रामकिसननी लगेच धुतलेलं धोतर काढलं. कामं कसली नि काय, शहात्तराव्या वर्षी माणसाला कोण कामं सांगतं!

त्यांच्या मनात मात्र वेगळंच काही शिजत होतं. आष्टीजवळच्या त्यांच्या शेतात घराच्या मागं एक खळं होतं. ज्वारीची कणसं पसरून बैलांच्या पायांखाली तुडवायची ती गोल, कडक जागा. मळणीयंत्रं आल्यावर आसपासच्या सगळ्यांनी आपापली खळी नांगरून टाकली. रामकिसननी आपलं ठेवलं. दर वर्षी दिवाळी सरली की ते खळं ठोकायचे, शेणानं सारवायचे, आणि त्याच्यावर काहीएक करायचे नाहीत. धाकटा मुलगा हरिओम म्हणायचा, तिथं मोसंबीची सहा झाडं बसतील. "बसतील की," असं म्हणून हे दुसऱ्या दिवशी पुन्हा शेणाची पाटी घेऊन हजर. आता लेकीनं आपणहून म्हणावं, आबा, शिबिर आपल्याच खळ्यावर घेऊ, एवढीच त्यांची इच्छा होती. आपण होऊन सांगण्यात मजा नव्हती. मागून घेतलेल्या मानाला काय अर्थ?

पहिली जागा वडीगोद्रीच्या अलीकडे, हायवेला लागून असलेलं एक फार्महाऊस. तिथले व्यवस्थापक तातेराव हसतमुख गृहस्थ होते. त्यांनी हिरवळ दाखवली, खोल्या दाखवल्या, झोपाळा दाखवला. रामकिसननी चपला काढल्या, हिरवळीवर जाऊन टाच दाबून पाहिली आणि मान हलवली.

"ओल धरून राह्यली ही. पहाटं बसल्या तर बायांचे गुडघे धरतीन."

"दादा, दोन दिवस आधी पाणी बंद ठेवू की," तातेराव म्हणाले.

"मंग गवत वाळंन."

तातेरावांचं हसू जरा कमी झालं. दुसरी जागा म्हणजे एका मंगल कार्यालयाचा हॉल, फरशी अशी की तोंड पाहून भांग पाडावा. रामकिसन मधोमध उभे राहिले, चिमूटभर धूळ शोधायला खाली वाकले, ती मिळाली नाही म्हणून नुसतीच बोटं वर धरून वारा पाहिला.

"वारा न्हाई इथं."

"आबा, आम्हाला धान्य उपणायचं नाहीये. श्वास घ्यायचाय."

"त्याला बी वाराच लागतो," रामकिसन म्हणाले. यावर अर्पिताला हसू आलं आणि त्या हसण्यानं म्हातारा आणखी चेकाळला. तिसऱ्या जागेत त्यांना मुंग्या दिसल्या. चौथीचा उतार चुकला होता. जगात चांगली जागा एकच उरली होती आणि तिचं नाव ते घेत नव्हते.

गाडीत त्यांना सारखं जुनं आठवत होतं. ही आठ-नऊ वर्षांची असताना मळणीला शेवटच्या बैलाची शेपटी धरून गोल गोल फिरायची. ऊन चढायचं, हिची आई उषाबाई भाकरी घेऊन यायच्या, ही खळ्यावरून हलायला तयार नसायची. धान्याची रास मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. या पोरीनं शाळेत आकडे म्हणतानाही लाभापासून सुरुवात केली, आणि सगळा वर्ग हसला तेव्हा गुरुजींनाच सांगितलं की तुमचंच चुकतंय, आमचे आबा असंच मोजतात. हे आठवून रामकिसन खिडकीकडं तोंड करून हसत होते. उषाबाईंना जाऊन चार वर्षं झाली. ही गोष्ट सांगावी असं आता एकच माणूस उरलं होतं, आणि ते शेजारी बसून गाडी चालवत होतं.

दुपारी वडीगोद्रीच्या फाट्यावर ती चहाला थांबली. ती दमली होती.

"आबा, तुम्हाला एकही जागा पसंत पडेना. मग तुम्हीच सांगा एखादी."

रामकिसननी बशीतला चहा फुंकला. आपणहून नसलं तरी विचारलं तर होतं. तेवढ्यावर त्यांनी समाधान मानलं.

"आपलं खळं हाये की."

त्यांना वाटलं होतं ती हसेल, निदान चकित होईल. ती रस्त्यावरून जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरकडं पाहत राहिली.

"त्या खळ्यावर पाय ठेवून मला बावीस वर्षं झाली."

"कामात असती तू. नोकरी, लेकरं..."

"कामाचं नाही, आबा. तुम्ही हाकललं होतं."

रामकिसनना आधी काही कळेना. मग कळलं, आणि कळलं तसं बशीतला चहा तिथंच राहिला. ती तेरा वर्षांची होती. आईला ताप होता म्हणून भाकरीची पाटी तिनं आणली होती. खळ्यावर रास पडलेली होती आणि हे तिवईवर उभे राहून वाऱ्यावर ज्वारी उपणत होते. म्हातारी चुलती जवळ येऊन त्यांना हळूच काहीतरी सांगून गेली. पाळी आलेल्या बाईची सावलीसुद्धा रासीवर पडू द्यायची नाही, ही त्या काळची रीत. आणि यांनी तिथूनच, सगळ्या गड्यांच्या देखत, हाक मारून सांगितलं होतं, भायेर हो, खळ्याच्या भायेर. पोरीनं पाटी बांधावर ठेवली आणि निघून गेली. रामकिसनच्या आठवणीत ते साल फार चांगलं होतं. वारा मनासारखा सुटला होता आणि ज्वारी मोत्यासारखी आली होती.

त्यानंतर ती कधी खळ्याकडं आली नाही. पोरगी मोठी झाली, लाजते, असं त्यांनी धरून घेतलं. इतकी वर्षं दर दिवाळीला ते तिला खळ्याच्या गोष्टी सांगत आले, आणि तिनं कधी ब्र काढला नाही.

"बारा जणी आहेत," अर्पिता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तीन दिवसांत कुणाला ना कुणाला पाळी येणारच. तिला मी काय सांगू? बांधावर बस म्हणू?"

उषाबाई जन्मभर 'कावळा शिवला' म्हणत आल्या. सरळ शब्द बाईमाणसाच्या तोंडून रामकिसननी पहिल्यांदा ऐकला, तोही लेकीच्या. मग माणूस अडला की जे करतो तेच त्यांनी केलं. पळवाट शोधली.

"आता कुठं रास असती खळ्यावर? यंत्रातून पोत्यात जाती समदी."

"म्हणजे रास असती तर नाहीच."

ती उठली, चहाचे पैसे दिले आणि तिथूनच तातेरावांना फोन लावला. हिरवळ चालेल, म्हणाली, पाणी तेवढं आधी बंद करा, उद्या पैसे भरते. रामकिसन गाडीत जाऊन बसले.

घरी तिनं त्यांना सोडलं आणि गाडी वळवायला लागली. रामकिसन काचेपाशी आले.

"दोन मिनिटं मागं ये. मंग जा."

ती आली, पण खळ्याच्या कडेला थांबली. कालच सारवलेलं खळं उन्हात गुळगुळीत दिसत होतं. रामकिसन घरात गेले. खायच्या ज्वारीचं अर्धं पोतं त्यांनी बाहेर ओढत आणलं. हरिओम "आबा, काय करून राह्यले?" म्हणत धावला, त्याला त्यांनी हातानंच मागं सारलं. पोतं खळ्याच्या मधोमध नेलं, तोंड सोडलं आणि ओतलं. ज्वारीचा ढीग झाला. फार मोठा नाही, पण रासच ती. त्यांना धाप लागली होती.

"ही रास," ते म्हणाले. "आता ये."

अर्पिता जागची हलली नाही.

"आबा, आज माझा दुसरा दिवस आहे."

"म्या इचारलं का तुला?"

ती त्यांच्याकडं बघत राहिली.

"तव्हा बी इचारायचं नव्हतं, माय," रामकिसन म्हणाले. "पोरगी भाकर घेऊन आल्ती. हातातली पाटी घ्यायची सोडून म्या तिला भायेर काढलं. वारा चांगला सुटला म्हून खुश झाल्तो. माझं चुकलं."

हरिओम पोतं घडी करता करता थांबला. अर्पितानं सँडल काढले, आत आली आणि रासीपाशी मांडी घालून बसली. पसरलेले दाणे तिच्या पायाखाली आले, तशी दोन्ही हातांनी ते गोळा करून ढिगावर सारू लागली. ती रडत होती, आणि डोळे पुसायला हात रिकामे नव्हते.

बऱ्याच वेळानं तिनं वळून चहूकडं पाहिलं. मनातल्या मनात बारा चटया अंथरून झाल्यावरही मधे जागा उरत होती.

"शिबिरात ही रास काढायची नाही," ती म्हणाली. "हिच्याभोवतीच बसू आम्ही. कुणाला काही असलं तरी."