आकृती क्रमांक सात

जावयाच्या कारखान्यात मेलेली माणसं रंगवायला चार बाटल्या लागत. एकीवर लिहिलं होतं 'ओला चिखल', दुसरीवर 'सुकलेला चिखल', तिसरीवर 'ताजं' आणि चौथीवर 'जुनं'. काय ताजं आणि काय जुनं, हे लिहायची गरज कुणाला वाटली नव्हती. बाबा रोज सकाळी चहाचा कप घेऊन खाली यायचे, त्या बाटल्यांवर नजर पडायची, आणि अर्धा चहा मोरीत जायचा.

कारखाना म्हणजे घराखालचं गॅरेज. जावई पुटीमध्ये मूळ नमुना कोरायचा, त्याचा साचा करायचा, साच्यात रेझिन ओतायचा, आणि बोटभर उंचीचे सैनिक बाहेर पडायचे. मुलगी ते रंगवायची. तिचा हात असा की नखाएवढ्या चेहऱ्यावर दाढीचे खुंटसुद्धा दिसत. हौशी लोक नवा संच कधी येतो म्हणून डोळ्यांत तेल घालून बसलेले असत. मोठमोठ्या हुद्द्यांवरची, नातवंडं असलेली माणसं. त्यांतल्या एकानेही आयुष्यात कधी खंदक सोडा, घरामागचा खड्डाही खणला नसेल, असं बाबांचं पक्कं मत होतं.

गेल्या वर्षी जावयाला एका जुन्या वर्तमानपत्राच्या दप्तरात दोन फोटो सापडले. एकाच दिवशी, एकाच पुलाजवळ काढलेले. एक सकाळचा, एक संध्याकाळचा. सकाळच्या फोटोत नऊ सैनिक ओळीने उभे, आणि पाचवा म्हणजे बाबा, विशीतले, कान बाहेर आलेले. जावयाला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. त्याने 'पुलावरची सकाळ' असा नऊ आकृत्यांचा संच काढला आणि प्रत्येक खोक्यात बाबांच्या सहीचं कार्ड घातलं: 'मी तिथे होतो. या आकृत्या तंतोतंत आहेत.' खोकी हातोहात गेली.

बाबांनी तेव्हा सह्या केल्या, कारण सकाळबद्दल त्यांना काही लपवायचं नव्हतं. पण आता नवा संच येत होता, 'पुलावरची संध्याकाळ'.

जावई माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. सासऱ्याची पथ्यं तो पोटच्या मुलासारखा सांभाळायचा. त्याच्यावर खेकसावं तर कशावरून? त्याने नव्या संचाचा पहिला नमुना बाबांपुढे ठेवला, तेव्हा त्याचा चेहरा पहिलं बाळ दाखवणाऱ्या बापासारखा होता. पडकी भिंत. भिंतीला टेकून, हातात पत्र्याचा मग घेऊन बसलेला क्रमांक पाच. त्याच्या बाजूला ताडपत्री, आणि ताडपत्रीखालून बाहेर आलेले दोन पाय. फोटोत बसलंय कोण आणि ताडपत्रीखाली कोण, हे बाबांनीच कधीतरी सांगितलं होतं.

"फोटोत पाय कुठे आहेत?" बाबांनी विचारलं.

"फोटो ताडपत्रीच्या मध्यावरच कापलाय, बाबा. पण नुसती ताडपत्री कोण घेणार? लोकांना काहीतरी दिसायला हवं. म्हणून सात नंबरचे सकाळचेच पाय घेतले, साचा तयार होता."

बाबांनी चष्मा वर सरकवला आणि नमुना डोळ्यांजवळ नेला. त्या दोन पायांत उंच बूट होते, बाहेरच्या बाजूला दोन-दोन पितळी बकलं. बाबांनी नमुना झटकन खाली ठेवला, आणि त्याच क्षणी त्यांना हायसंही वाटलं. पन्नास वर्षांनी बूट ज्याचे त्याला मिळाले होते, रेझिनचे का असेनात.

कारण सात नंबर म्हणजे बुटवाला. त्याच्या बापाचं चपला-बुटांचं दुकान होतं, आणि पोरगा लढाईवर निघाला तेव्हा बापाने स्वतःच्या हाताने ते दुहेरी तळाचे बूट शिवून दिले होते. बाकीच्यांच्या सरकारी बुटांचे तळ तिसऱ्या आठवड्यात आ वासत. बाबांचे तर सुतळीने बांधलेले होते. त्या दुपारी बुटवाला पडला आणि बाबांनी त्याच्या पायांतले बूट काढून आपल्या पायांत घातले. मेलेल्याला बुटांचं काय करायचं, असं तेव्हा स्वतःला सांगितलं, आणि पुढची पन्नास वर्षं तेच सांगत आले. बुटवाल्याच्या आईला भेटायला गेले तेव्हा सुतळीचे बूट घालून गेले आणि म्हणाले, "मावशी, त्याच्या वडिलांनी दिलेल्या बुटांसकट पुरलं आम्ही त्याला." मावशीने त्यांना पोटाशी धरलं होतं.

घरी मुलीला वेगळं सांगितलं. ती लहानपणी ते मोठे बूट घालून घरभर धाडधाड चालायची. बाबांनी जन्मात तिच्यावर एकदाच हात उचलला, तो त्यासाठी. मग ती रडत असताना तिला जवळ घेऊन म्हणाले, "बुटवालेकाकांनी मला जाताना दिलेत ते. आठवण आहे बाळा." तेव्हापासून ती दर रविवारी त्या बुटांना पॉलिश करायची आणि 'बुटवालेकाका किती चांगले होते' म्हणायची. पुढे एका दिवशी बाबांनी ते गोणपाटात गुंडाळून लांबच्या कचराकुंडीत टाकले. मुलीने आठ दिवस अबोला धरला होता.

ती गोष्ट तशीच राहावी, एवढंच बाबांना हवं होतं. आणखी किती दिवस काढायचे होते? त्यांनी निमूटपणे तीनशे कार्डांवर सह्या केल्या. तंतोतंत, तंतोतंत, तंतोतंत.

संच दाखवायचा दिवस रविवारचा ठरला. सकाळी अकराला गॅरेजमध्ये पंधरा-सोळा माणसं जमली. टेबलांवर पांढरा कागद, त्यावर आकृत्या, शेजारी बिस्किटं. बाबांना मधल्या खुर्चीत बसवलं होतं, देवळात मूर्ती बसवतात तसं. लोक येऊन वाकून नमस्कार करत आणि लगेच टेबलाकडे वळत.

"हा मेलेला फार गोड आलाय हो," बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले.

"जखमेचा रंग या वेळी मस्त जमलाय. मागच्या संचात अगदी टोमॅटो सॉस वाटत होता," दुसऱ्याने बिस्कीट मोडत दाद दिली.

मुलगी "थँक यू" म्हणाली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात, हे बाबांनी ऐकलं होतं. ते बिस्किटाबरोबर खातात हे आज पाहिलं. उठून टेबल उलटं करावं असं वाटलं. पण आपल्याच मुलीची मेहनत, आपल्याच जावयाचं घर. आपलेच दात, आपलेच ओठ. ते बसून राहिले.

मग भिंगवाले आले. होते दातांचे डॉक्टर, पण खिशात कायम भिंग, म्हणून हे नाव. हौशी मंडळींत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी नाक मुरडलं की संच कपाटात धूळ खात पडलाच म्हणून समजा. एका कप्तानाच्या कोटावर एक बटण जास्त आहे म्हणून त्यांनी मंडळाच्या पत्रिकेत दोन पानं लिहिली होती. त्या कप्तानाने किती जणांना कसं मारलं, यावर ओळही नव्हती.

भिंगवाल्यांनी नमुना पाच मिनिटं भिंगाखाली फिरवला. बोटं गुलाबी, स्वच्छ, नखं कापलेली. मग त्यांनी पिशवीतून एक मोठा केलेला फोटो काढून बाबांच्या मांडीवर ठेवला आणि समोर स्टूल ओढून बसले.

"काका, रागावू नका," ते मऊ आवाजात म्हणाले. "पण तुम्ही या फोटोत जिवंत नाही आहात."

"म्हणजे?"

"हे बघा. सकाळच्या फोटोत दोन बकलांचे बूट एकाच माणसाच्या पायांत आहेत, सात नंबरच्या. आता हा संध्याकाळचा फोटो मी मोठा करून घेतलाय. भिंतीला टेकून बसलेल्याचा चेहरा चिखलाने भरलाय, टोप डोळ्यांवर आहे. पण पाय बघा. दोन बकलं. म्हणजे बसलाय तो सात नंबर. आणि ताडपत्रीखाली आहे तो पाच नंबर. म्हणजे तुम्ही."

"अहो, पण बाबा हे काय समोर बसलेत!" मुलगी हसत म्हणाली.

"ते खरंय," भिंगवाल्यांनी बाबांकडे एखाद्या किडलेल्या दाढेकडे बघावं तसं बघितलं. "पण माणसाची आठवण चुकते, ताई. बूट चुकत नाहीत."

सगळे फोटोभोवती वाकले. जो तो तोंड उघडू लागला. कुणी म्हणालं, काकांनी नंबर सांगताना गडबड केली असणार. कुणी म्हणालं, काका मुळात सातच असतील, वय झालंय. पंधरा शहाणी माणसं, समोर हाडामांसाचा जिवंत साक्षीदार, आणि एकाच्याही डोक्यात येईना की बूट एका पायातून दुसऱ्या पायात जाऊ शकतात. यांच्या आकृत्यांचे बूट पायाला चिकटूनच साच्यातून येत, निघणार कुठून?

जावयाचा चेहरा पांढरा पडला होता. तो बाबांच्या कानाशी वाकला. "बाबा, तुम्हीच सात नंबर होतात का? तसं असेल तर काही बिघडत नाही. नंबर बदलून छापू आपण. नुसतं हो म्हणा."

सुटका अशी ताटात वाढून समोर आली होती. एकदा मान हलवली की झालं. कार्डं सुधारली असती, मुलीला काही कळलं नसतं, भिंगवाले खूश झाले असते. फक्त बुटवाल्याचे बूट घेतले होते तसा आता त्याचा नंबरही घ्यायचा. आणि सकाळच्या फोटोतला त्याचा हसरा चेहराही आपला म्हणायचा.

बाबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीही या लोकांवर किती आणि स्वतःवर किती, हे त्यांना सांगता आलं नसतं.

"मी पाच नंबर," ते मोठ्याने म्हणाले. "बूट त्याचे. मी काढून घेतले त्याच्या पायांतून. ताडपत्रीखाली तो अनवाणी आहे. कळलं? जा आता घरी!"

गॅरेजमध्ये कुणी बिस्कीटही चावेना. मुलगी रंगाची ताटली हातात धरून उभी होती. बाबा वाट पाहू लागले. आता कुणीतरी 'शी!' म्हणेल, कुणीतरी उठून जाईल. तसं व्हावं, अशी त्यांना मनापासून इच्छा झाली. पन्नास वर्षांत एका तरी माणसाने आपली किळस करावी.

भिंगवाल्यांनी खिशातून छोटी वही काढली. त्यांचे डोळे चमकत होते.

"वा!" ते म्हणाले. "काका, ही गोष्ट तर कुठेच नोंदलेली नाही! अहो, म्हणजे यात आणखी एक आकृती बसते. जोडआकृती. बूट काढणारा आणि ज्याचे काढतोय तो."

"बाबांची हरकत नसेल तर..." जावई पुटपुटला. पण पेन्सिल त्याने कानावरून काढलीही होती. बिचाऱ्याचा हात सवयीचा गुलाम.

"एक सांगा," भिंगवाले पुढे सरकले. "एकदा नीट आठवून सांगा. आधी कोणता काढलात? डावा की उजवा?"

उठून जायला हवं होतं. वही फाडून त्या गुलाबी बोटांत कोंबायला हवी होती. पण पन्नास वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि उत्तर मात्र पन्नास वर्षं तोंडाशी येऊन बसलं होतं. ते ओकारीसारखं बाहेर आलं.

"डावा," बाबा म्हणाले. "डावा सहज निघाला. उजवा काढायला लागलो तेव्हा त्याने पाय मागे घेतला."

पेन्सिल थांबली.

"मी धरून ओढला," बाबा म्हणाले.

मग भिंगवाल्यांनी घसा साफ केला आणि जावयाकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "म्हणजे सात नंबर मेलेला दाखवता येणार नाही. गुडघा जरा वाकवावा लागेल. उजवा."

"हो," जावई म्हणाला. "डोळेही उघडे ठेवावे लागतील."

माणसं पुन्हा टेबलावर वाकली. बाबांकडे आता कुणाचंच लक्ष नव्हतं. एकटी मुलगी होती तिथेच उभी होती. ती त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हती. ती बघत होती त्यांच्या पायांकडे, घरातल्या रबरी स्लिपरांतून बाहेर आलेल्या म्हाताऱ्या बोटांकडे. आणि तिचे ओठ असे ओढले गेले होते जसे नळाखाली काही सडलेलं सापडल्यावर ओढले जातात. तिने आपला उजवा हात, दर रविवारी ज्याने बूट चमकवले तो, साडीला पुसला. मग पुन्हा पुसला.

बाबांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.