शेऱ्याच्या रकान्यात

"भाडेकरू? माझ्या घरात भाडेकरू कुठून आला हो?" चंद्रभानने बिलाचा कागद खिडकीच्या जाळीवर आपटला. "आमच्या बापानं कधी कुणाला भाड्यानं ठिवलं न्हाई, मी ठिवलं न्हाई. आन तुमी अकरा हजार लावायलाव!"

खिडकीच्या आत कर विभागाचा लिपिक भागवत बसला होता. सकाळपासून त्याने असे पन्नास कागद आपटलेले ऐकले होते. त्याने मान वर न करता सांगितलं, "मामा, ओरडू नका. आमी मोजलं न्हाई. एजन्सीनं सर्व्हे केलाय, मोबाईलवर. हरकत असंल तर अर्ज द्या."

"दोन डाव येऊन गेलो. पयल्यांदा म्हणलाव साहेब न्हाईत. दुसऱ्यांदा म्हणलाव सर्व्हर बंद हाय. आज काय बंद हाय?"

रांगेतली माणसं हसली, पण त्या हसण्यात दम नव्हता. ज्याच्या त्याच्या हातात बिल होतं. फेरआकारणीत कुणाची पत्र्याची खोली स्लॅबची झाली होती, कुणाच्या म्हशीचा गोठा दुकान म्हणून लागला होता. एका म्हाताऱ्या बाईच्या घराला वरचा मजला दाखवला होता आणि ती प्रत्येकाला विचारत होती, "बाबा, तुमाला दिसतो का वरचा मजला? मला तर दिसंना."

भागवतने चंद्रभानचं बिल संगणकावर उघडलं. "हे बघा. पश्चिमेच्या तीन खोल्या. वापर, भाडेकरू. भाड्याच्या खोल्यांला आकारणी जास्त लागते, म्हणून वाढलं."

"तिथं माझा भाऊ राहतो!"

"मंग असं कसं लिवलं? पोरं घरोघर इचारूनच लिवायले होते. तुमच्याच घरातून कुणीतरी सांगितलं असंल."

चंद्रभानने जाळीवरचा हात खाली घेतला.

"आन अजून एक," भागवत म्हणाला, "मालमत्ता अजून तुमच्या वडिलांच्या नावावर हाय, ग्यानबांच्या. दोन वारस असतील तर अर्जावर दोघांच्या सह्या लागतील. सुनावणीला दोघंबी हजर पायजेत. पुढच्या मंगळवारी. नकाशा काढून आणा, मापं टाकून."

चंद्रभान एकतीस वर्षं बोअरच्या मोटारी काढत आणि दुरुस्त करत होता. इथून बोरीपर्यंतच्या शिवारात मोटार जळाली की लोक त्यालाच फोन लावत. तीनशे फूट खोल अडकलेली मोटार पाइपाला हात लावून नुसत्या थरथरीवरून ओळखणारा माणूस, अशी त्याची ख्याती होती. मोटारसायकलवरून घरी येताना मात्र त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती.

चार महिन्यांपूर्वीची दुपार. तो नुकताच जेवून उठला होता. फोनवर एक शेतकरी मोटारीवरून भांडत होता. तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी दारात आली. खोल्या मोजून झाल्यावर तिने विचारलं, "काका, भिंतीच्या पलीकडं कोण राहतं?"

"आमचं कोणी न्हाई," तो फोन कानाला लावूनच म्हणाला होता.

"मग भाडेकरू आहेत का?"

"तसंच समजा. जा आता."

फोनच्या गडबडीत तोंडातून निघून गेलं, असं त्याने आता स्वतःला समजावून पाहिलं. पण ते खरं नव्हतं. ते वाक्य त्याच्यापाशी नऊ वर्षं तयार होतं. कुणीतरी विचारायचाच काय तो अवकाश होता.

घरी धुरपताबाईने तांब्या पुढे केला आणि त्याच्या तोंडाकडे पाहून विचारलं, "आज बी न्हाई झालं?"

"मुंजाची सही लागती म्हणतेत."

बायको म्हणाली, "मंग जा की मागायला. भाऊच हाय."

"तो देणार हाय का?"

"न द्यायला काय झालं? ह्या स्लॅबच्या घराच्या इटा कुणी वाहिल्या? तुमी नांदेडला मोटारीचं काम शिकायला व्हते तवा. दिवसा मोंढ्याच्या बाजारात पोती उचलायची, संध्याकाळी इटा. मी नवी नवरी व्हते, पर मला दिसत व्हतं." तिने तांब्या परत घेतला. "आन नळाची चावी त्यानं बंद केली नव्हती. तुमी केली व्हती."

ते नऊ वर्षांपूर्वीचं. दुष्काळाचं साल होतं. अंगणातल्या बोअरला तासाला दोन घागरी पाणी यायचं. कुणी किती भरलं यावरून रोज कुरबुर होती. मुंजाजीच्या मुलीला, राजनंदिनीला, पाहायला पाहुणे आले, त्या दुपारी चंद्रभानने रागाच्या भरात त्याच्या बाजूच्या पाइपाची चावी बंद केली. पाहुणे येणार हे त्याला माहीत होतं की नव्हतं, यावर पुढे दोन्ही घरांत पुष्कळ बोलणं झालं. पाहुणे पाणी न पिता गेले, एवढं मात्र खरं. महिन्याभरात अंगणात भिंत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रभान रस्त्याने वळसा घालून मुंजाजीच्या दारात गेला. मुंजाजी उंबऱ्यात बसून चहा पीत होता. खांद्यावर मोंढ्यातला मळका पंचा होता. त्याचे केस इतके पांढरे झालेले चंद्रभानला ठाऊक नव्हते. एका घरात राहून त्याने ते पाहिले नव्हते.

"घरपट्टी वाढलीय," चंद्रभान उभ्याउभ्याच म्हणाला. "हरकत घ्यायचीय. तुझी सही लागती. मंगळवारी यावं लागंल."

"मंगळवारी लय माल असतो. सोयाबीन यायलंय." मुंजाजीने पेला खाली ठेवला. "किती वाजता?"

"अकरा."

"येतो."

एवढंच. चंद्रभान भांडायच्या तयारीने गेला होता. परत येताना त्याला सगळं अंग हलकं वाटलं, आणि त्याचाच त्याला रागही आला.

रविवारी दोघांनी घर मोजलं. टेपचं एक टोक चंद्रभानच्या हातात, दुसरं मुंजाजीच्या. आधी नुसते आकडेच बोलले गेले. "बारा सहा." "दहा दोन." मग पश्चिमेच्या खोलीत चंद्रभान नऊ वर्षांनी शिरला. भिंतीला रंग दिलेला होता. राजनंदिनीच्या लग्नाचा फोटो होता. त्या लग्नाची पत्रिका याच्या घरी आली होती, तो गेला नव्हता. तो फोटोकडे पाहत राहिला आणि त्याच्या हातातला टेप सैल पडला.

"दादा, ताणून धर की," मुंजाजी म्हणाला. "झोळ पडला तर घर वाढंल. आधीच अकरा हजार लावलेत."

चंद्रभान हसला. मुंजाजीही हसला. मुंजाजीच्या बायकोने, कावेरीने, काही न बोलता दोन कप चहा आणून ठेवला. चंद्रभान तो चहा प्यायला. भिंतीमुळे दोन्ही बाजूंना चार-चार इंच जागा वाया गेली, असं मुंजाजी माप लिहिताना म्हणाला. चंद्रभानने नुसती मान हलवली. पण त्या संध्याकाळी तो धुरपताबाईला म्हणाला, "ह्या निमित्तानं भिंत काढून टाकावी म्हणतो. पयले हे बिल निस्तरू दे." सर्व्हेवाल्या मुलीची गोष्ट त्याने तिलाही सांगितली नव्हती. कागदावर नुसतं 'भाडेकरू' लिहिलेलं होतं. कुणी सांगितलं ते कोण बघत बसणार?

मंगळवारी सभागृहात गर्दी मावत नव्हती. सुनावणीचे साहेब बाहेरगावाहून आलेले होते. अकराची वेळ दिलेल्यांना दोन वाजले तरी कुणी हाक मारली नव्हती. पंखा फिरत होता, वारा येत नव्हता. मुंजाजी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून आला होता. कागदांची प्लास्टिकची पिशवी त्याने छातीशी धरली होती. तिच्यात दोघांचे शाळेचे दाखले होते आणि ग्यानबाचं जुनं रेशनकार्ड होतं. ते मुंजाजीने इतकी वर्षं जपून ठेवलं होतं.

"ह्यात दोघांचे नावं हायत," तो म्हणाला. "आयचं बी."

अखेर नाव पुकारलं. साहेबांनी अर्ज पाहिला, नकाशा पाहिला. "माप बरोबर आहे. मग हरकत काय?"

"साहेब, आमी दोघं सख्खे भाऊ हावोत," चंद्रभान म्हणाला. "भाडेकरू लावलाय तो चुकीचा हाय. कोणी भाडेकरू न्हाई."

"मग सर्व्हेत असं का आलं? भागवत, शेरा बघा."

चंद्रभान घाईने म्हणाला, "साहेब, ते एजन्सीवाल्यांनी कायबी लिवलंय. सगळ्या गावाचंच तसं केलंय त्यांनी."

भागवतने समोरच्या संगणकावरचा मजकूर खाली सरकवला आणि सवयीच्या सुरात मोठ्याने वाचलं, "पश्चिमेकडील भाग. माहिती देणार, चंद्रभान ग्यानबा. राहणाऱ्यांशी नाते विचारले असता, आमचे कोणी नाही, भाडेकरू समजा, असे सांगितले."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

"हे चंद्रभान कोण?" साहेबांनी विचारलं.

"मीच."

"तुम्हीच सांगितलं, आणि वर तुम्हीच हरकत घेता? आमचा वेळ का घालवता?"

"फोनवर व्हतो साहेब. ध्यान नव्हतं." त्याने मुंजाजीकडे पाहिलं नाही. "भाऊ हाय तो माझा. सख्खा. एका आयचे हावोत."

हे तो बराच मोठ्याने बोलला. त्याचा आवाज खोलीभर गेला. मुंजाजीने पिशवी हळूच टेबलावर ठेवली. एकेक कागद काढून साहेबांपुढे सरळ मांडला. रेशनकार्ड सर्वांत वर ठेवलं.

साहेबांनी ते चाळलं. त्यांचा आवाज जरा उतरला. "ठीक आहे. नातं सिद्ध होतंय. दोघांनी मिळून लिहून द्या, की आम्ही एकच कुटुंब आहोत, घर स्वतःच्या वापरात आहे. भाडेकरूची आकारणी काढून टाकतो. संपलं."

"लिवून देतो साहेब, आत्ता देतो," चंद्रभानने पेन काढलं.

"न्हाई," मुंजाजी म्हणाला.

तो साहेबांकडेच पाहून बोलत होता. "साहेब, एकत्र लिहू नका. येगळं करता येतं का? माझ्या तीन खोल्यांला माझं नाव. येगळा नंबर. माझं बिल मी भरंन."

"येतं. करापुरतं येतं. पण दुसऱ्या वारसाची संमती लागेल. आणि त्यात तुमचा काही फायदा नाही, रक्कम जवळपास तेवढीच येणार."

"रकमेचं न्हाई साहेब." मुंजाजी थांबला. त्याला बोलायची सवय नव्हती. "मी आज हाय, उद्या न्हाई. मागून हा कागुद कुणी उघडला तर त्याला काय दिसंल? ह्या घराच्या इटा मी वाहिल्यात. तिथं मी भाड्यानं राहत व्हतो असं दिसंल. माझं नाव लागू द्या."

"मुंजा, अरे आता साहेब काढतेत की ते," चंद्रभान त्याच्या दंडाला हात लावत म्हणाला. "मी भिंत पाडायचं म्हणायलो व्हतो. तुला सांगणारच व्हतो."

मुंजाजीने हात झटकला नाही. तो नुसता उभा राहिला. चंद्रभानने स्वतःच हात काढून घेतला.

"संमती आहे का?" साहेबांनी घड्याळ पाहत विचारलं. "मागे रांग आहे."

भागवतने छापील कागद पुढे सरकवला. चंद्रभानने सही केली. 'ग्यानबा' लिहिताना पेन अडलं, त्याने ते गिरवून काढलं. मुंजाजीने त्याच्याखाली सही केली. रेशनकार्ड पिशवीत घातलं आणि, "मोंढ्यात अजून गाड्या उभ्या असतील," असं म्हणून तो निघून गेला. चंद्रभान बाहेर आला तेव्हा तो कोपऱ्यावर वळलेला होता.

नवी बिलं फेब्रुवारीत आली. दोन. चंद्रभानच्या वाट्याचं मागच्या सालापेक्षा थोडंसंच जास्त होतं. गल्लीतले लोक म्हणाले, तुमचं बरं झालं, आमचा गोठा अजून दुकानच हाय. वरच्या मजल्याच्या म्हातारीची सुनावणी तिसऱ्यांदा पुढे गेली होती. अंगणातली भिंत पाडायचं चंद्रभानने पुन्हा काढलं नाही, आणि धुरपताबाईनेही विचारलं नाही.

मार्चमध्ये तो बिल भरायला गेला. ऊन चढलं होतं, रांग दारापर्यंत आली होती. पाचसहा माणसं सोडून पुढे मुंजाजी उभा होता. धुतलेला सदरा घालून आला होता, मोंढ्यातला पंचा नव्हता. खिडकीशी पोचल्यावर त्याने पैसे दिले आणि आतल्या माणसाने विचारायच्या आधीच पूर्ण नाव सांगितलं. स्वतःचं, मग बापाचं, मग आडनाव, शाळेत हजेरी द्यावी तसं.

पावती घेऊन तो बाजूला झाला. कागद डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. त्याने चष्मा केलेला नव्हता. इकडेतिकडे पाहिलं. रांगेत ओळखीचं दुसरं कुणी नव्हतं. मग तो चंद्रभानपाशी आला आणि पावती त्याच्यापुढे धरली.

"हे बघा जरा. नाव बराबर लिवलंय का?"

चंद्रभानने पावती दोन्ही हातांनी घेतली. मोटारींच्या वॉर्निशने काळी पडलेली बोटं त्याने कडेला धरली, अक्षरांना लागू दिली नाहीत. त्याने नाव वाचलं. काना, मात्रा, वेलांटी, सगळं नीट पाहिलं. पाहून झाल्यावरही थोडा वेळ तसाच पाहत राहिला.

"बराबर हाय," तो म्हणाला.

मुंजाजीने पावतीची घडी घातली, ती सदऱ्याच्या खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं आणि उन्हात निघून गेला.