लांबून उघडत नाही

लोक आधी स्वतः मनसोक्त घोळ घालतात आणि मग मला बोलावतात. वर 'आम्ही काहीच केलं नाही हो' म्हणून कानावर हात ठेवतात. घरोघरचे कॉम्प्युटर दुरुस्त करून करून माझा स्वभाव तिरका झालाय, आणि तो मी कुणापासून लपवत नाही.

त्या दुपारी दार उघडलं ते एका ताठ म्हाताऱ्या गृहस्थांनी. कानावर पेन्सिल. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म गेलेला.

"वरच्या कॉम्प्युटरमधला फोल्डर खाली माझ्या लॅपटॉपवर उघडायचा. आठ दिवस झाले, उघडत नाही. मी काहीच केलेलं नाही, बाई."

"कुणीच केलेलं नसतं, काका. आपोआप होतं सगळं," मी म्हणाले. ते हसले नाहीत.

टेबलावर शाळेचं एक जाड पुस्तक होतं आणि शेजारी रेघांची वही. त्यांची मुलगी अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. ती वरच्या खोलीत वाचायची आणि फाइल त्या फोल्डरमध्ये टाकायची. हे खाली पुस्तक समोर धरून ऐकायचे आणि चुका वहीत उतरवायचे. 'पान ४१: शहामृग घाईत. पान ४४: खोकला.' त्याखाली हिरव्या शाईत, दुसऱ्या अक्षरात: 'खोकला अशुद्ध कसा, बाबा?'

"पाच महिने झाले तिला जाऊन," ते म्हणाले. "ताप आला आणि चौथ्या दिवशी गेली. अकरा धडे तपासायचे राहिलेत. आठवड्याला एकच घेतो."

"एकच का?" मी विचारलं आणि जीभ चावली.

"संपतील ना."

मी लॅपटॉप पुढे ओढला. राउटर ठीक होता, दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांना दिसत होते. फक्त खातं नाकारलं जात होतं. पोरीने बापाच्या लॅपटॉपवर स्वतःचंच नाव आणि पासवर्ड टाकून दिला होता. वेगळं खातं उघडून द्यायचा आळस, दुसरं काय. असले आळस निस्तरण्यावरच माझं पोट चालतं. वर जाऊन बघते म्हटलं, तर ते मागे आले नाहीत.

वरच्या खोलीत मुलीच्या खुर्चीत काकू बसल्या होत्या. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना टांगलेली पांघरुणं अजून तशीच होती. मी पासवर्ड विचारला.

"नाहीये. काढून टाकला मी," त्या म्हणाल्या. "मी रोज येऊन बसते इथे. तिने आपल्या वाढदिवसाची तारीख ठेवली होती. दर वेळी ती टाकायची म्हणजे हात चालेना."

"मग बरोबर आहे. पासवर्ड कोरा असला की समोर बसून सगळं उघडतं, पण दुसऱ्या कॉम्प्युटरवरून ते खातं आत घेतलं जात नाही. भलताच कुणी शिरू नये म्हणून तसा नियमच आहे. लांबून उघडायचं तर पासवर्ड हवा."

त्यांना काही नवल वाटलेलं दिसलं नाही. पदराने नाक पुसत त्या हळूच म्हणाल्या, "मुद्दाम नाही केलं, देवाशपथ. पण खाली बंद पडलंय हे कळलं तेव्हा गप्प बसले. वाटलं, आता तरी वर येतील. माझ्याजवळ बसून ऐकतील. एकाच घरात, एकाच पोरीसाठी आम्ही दोन मजल्यांवर रडतोय, ताई. आठ दिवस वाट पाहिली. त्यांनी तुम्हाला बोलावलं."

लोकांच्या घरच्या गोष्टीत नाक खुपसायचं नाही, हा माझा नियम. तो गुंडाळून ठेवून मी खाली गेले.

"काका, वर बसलात तर आत्ता ऐकता येईल. काकू आहेत तिथे. चला."

ते उठले. जिन्यापाशी गेले, कठड्यावर हात ठेवला, एक पाय पहिल्या पायरीवर टाकला आणि तसेच उभे राहिले.

"गुडघे," ते म्हणाले.

"खोटं नका बोलू." माझ्या तोंडून गेलंच.

ते रागावले नाहीत. पायरीवरचा पाय त्यांनी खाली घेतला. "इथे बसून ऐकलं की ती वरच असते, बाई. ती वाचतेय, मी तपासतोय. सहा वर्षं असंच चाललं होतं. वर गेलो की खुर्चीत ती नाही हे दिसणार. खाली उघडत नसेल तर राहू दे. नाही ऐकत मी."

मान वर केली तर काकू जिन्याच्या तोंडाशी उभ्या. सगळं ऐकलेलं. त्यांनी मला खुणेनेच वर बोलावलं.

"करून द्या त्यांचं चालू," त्या म्हणाल्या. "तेवढंही गेलं तर ते काय करतील?"

मग मी ते केलं जे पहिल्यापासून असायला हवं होतं. वरच्या कॉम्प्युटरवर काकांच्या नावाचं स्वतंत्र खातं उघडलं, त्याला पासवर्ड दिला, फोल्डर वाचायची परवानगी दिली. पोरीच्या खात्याला हात लावला नाही. तुम्हाला काही टाइप करावं लागणार नाही, असं काकूंना सांगितलं.

"म्हणजे आता आमची खातीही वेगळी," त्या म्हणाल्या. मी नवा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून घेतला.

खाली येऊन लॅपटॉपवर नवं नाव टाकलं. फोल्डर उघडला. काकांनी पुस्तकाचं पान काढलं, पेन्सिल हातात घेतली आणि फाइल सुरू केली. "धडा एकोणतिसावा," मुलीचा आवाज आला. खणखणीत, थोडा घाईतला. काकांचा चेहरा असा सैलावला की मला तिथे उभं राहवेना.

माझी पिशवी वरच राहिली होती. ती आणायला गेले, तर काकू सगळ्यात वरच्या पायरीवर बसलेल्या, डोकं कठड्याला टेकून. मी काही बोलणार तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"इथून ऐकू येतं," त्या कुजबुजल्या. "त्यांना सांगू नका हं. मला त्रास नको म्हणून आवाज कमी करतील."