रविवारचं बारसं

आमचा शंतनू हुशार आहे. मी हे कुणाला सांगायला जात नाही. लोकच येऊन मला सांगतात, आणि सांगून झालं की जरा मागं सरकतात. घरात गोवर निघाला की शेजारणी उंबऱ्याबाहेरूनच "कसं आहे आता?" विचारतात ना, तशी आमची चौकशी होते.

तो अकरा वर्षांचा आहे आणि परभणीतल्या एका शाळेत 'प्रज्ञा वर्गा'त आहे. सगळ्या तुकड्यांतून चाचणी घेऊन निवडलेली पोरं. त्यांची खोली वेगळी, सर वेगळे, डब्याची सुट्टीसुद्धा वेगळी. का, तर बाकीच्यांत मिसळून लक्ष उडायला नको. दर रविवारी त्यांचा पेपर असतो. पेपर संपेपर्यंत आईवडिलांपैकी एकानं शाळेतच थांबायचं आणि 'पालक संवाद' नावाचं भाषण ऐकायचं. आमचे हे बँकेत, बदली नागपूरकडं, येतात कधी महिन्यानं तर कधी दीड महिन्यानं. म्हणजे पालक मी एकटीच.

निवड झाली त्या दिवशी मी कॉलनीभर पेढे वाटले. तिथंच घोळ झाला असावा. पुढच्या महिन्यापासून भिशीच्या बायकांनी मला बोलावणं सोडलं. भांडण नाही, तंटा नाही. "तुमच्याकडं अभ्यास असतो ना, म्हटलं कशाला त्रास द्यायचा." संध्याकाळी खाली क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना त्यांच्याच आया दटावतात आणि पलीकडच्या मोकळ्या जागेत पिटाळतात. शंतनूला आवाज नको म्हणे. मी कधी म्हटलं होतं आवाज नको? म्हटलंही असेल एखाद्या वेळी, डोकं दुखत असताना. लोकांनी ते धरूनच ठेवलं. आता आमच्या मजल्यावर इतकं शांत असतं की कुकरची शिट्टी झाली तरी बरं वाटतं.

पोरगा वाईट नाही हो. उलटून बोलत नाही, हट्ट करत नाही. काही विचारलं तर उत्तर देतो, मोजकं आणि बरोबर. पण त्याच्याशी गप्पा मारायला गेलं की मीच तोंडी परीक्षेला बसल्यासारखी होते. आणि वर्गातल्या दुसऱ्या आया म्हणाल, तर त्या दर रविवारी व्हरांड्यात भेटतात, गोड बोलतात; पण तुमचं पोरगं गणिताला कुणाकडं जातं म्हणून विचारलं की लगेच साडीवर येतात.

अशात माझ्या भावाला मुलगी झाली.

बन्सीधर माझा धाकटा भाऊ, पेडगावला असतो. किराणा दुकान आहे, थोडी शेती आहे. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी त्याच्या घरी पाळणा हलला. आम्ही दोघंच भावंडं, त्यामुळं बाळाची आत्या मी एकटीच. आमच्याकडं बाळाचं नाव आत्याच ठरवते, आणि बारशाला पाळण्यात वाकून बाळाच्या कानात सांगेपर्यंत कुणाला कळू देत नाही. कानात सांगितलं रे सांगितलं, की भोवतीच्या बायका तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालतात. मला त्या बुक्क्यांची किती आस लागली होती हे सांगितलं तर हसाल. पण निवड झाल्यापासून दोन वर्षांत माझ्या पाठीवर कुणाचा हात पडला नव्हता. बाळाच्या कानात नाव मी सांगायचं, एवढं एकच मला हवं होतं.

नाव मी ठरवून टाकलं होतं, स्वरदा. मेथी निवडताना, धुणं वाळत घालताना मी मनातल्या मनात तिला हाका मारून बघत होते. चांगली हाक जात होती.

बन्सीचा फोन आला तो चाचरतच. "अक्का, बारावा दिवस रविवारी येतोय. तुझं जमंल का? शंतनूचं काही असंल तर..."

"जमंल का म्हणजे? मी आत्या हाय का कोण हाय?"

"तसं न्हाई गं. लेकराचं नुकसान नको आपल्यापायी."

त्याचंही खरं होतं. आमच्या चुलतभावाचं लग्न रविवारी होतं, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ती घरी आली तोही रविवार. मी दोन्हींकडं गेले नव्हते, आणि कुणी मला त्याबद्दल एका शब्दानं बोललं नव्हतं. बोलायला पाहिजे होतं. भावानं बहिणीवर चिडायचं नाही तर कुणावर?

"पेपर झाला की निघते," मी म्हटलं. "चार वाजता ठेव."

"ठेवतो. तू आल्याबिगर पाळण्याला हात लावत न्हाई आमी."

रविवारी मी जरीचं टोपडं आणि झबलं पिशवीत घालूनच शाळेत गेले. पोरं आत बसली. आम्ही पालक हॉलमध्ये. एक सर मुलांनी अक्रोड किती खावेत आणि आयांनी किती कमी बोलावं यावर बोलत होते. तेवढ्यात पिशवीत फोन थरथरला. बन्सी. मी कमरेतून वाकत बाहेर आले.

"अक्का, ऐक. राजेश्रीच्या माहेरची माणसं चुडाव्याहून आलीत, त्यांना दुपारची गाडी धरायचीय. आन् गुरुजी म्हणायलेत, चारच्या पुढं राहुकाळ लागतोय. तू कशाला पेपर सोडून जीव काढत यायलीस? आमी व्हिडिओ कॉल लावतो. फोन बाळाच्या कानाला धरतो, तू तिथनंच नाव सांग. तुझा मान तुलाच."

मी थांब म्हणेपर्यंत फोनवर चित्र दिसायलाही लागलं. झेंडूच्या माळा लावलेला पाळणा दिसला, मग कुणाचा तरी हिरवा पदर, मग माझी आई, मनकर्णाबाई. तिनं फोन इतका जवळ घेतला होता की नुसतं कपाळ आणि कुंकू दिसत होतं. "कावेरी, दिसायलीस का गं तू?" मी दिसते म्हटलं. मग मला बाळाचा कान दिसला. एवढासा, लालसर.

मी व्हरांड्यात उभी होते. समोर परीक्षेच्या खोलीच्या खिडक्या उघड्या, दाराला 'शांतता राखा'ची पाटी. तिसऱ्या बाकावर शंतनूचं डोकं खाली गेलेलं दिसत होतं.

"स्वरदा," मी फोनजवळ तोंड नेऊन म्हटलं.

"अक्का, आवाज येईना! मोठ्यानं!"

"स्वरदा!"

खिडकीतून दोन-तीन पोरांनी वर बघितलं. शंतनूनं नाही बघितलं. दारातून मॅडम बाहेर आल्या, ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या, "पालक, प्लीज. पेपर चालू आहे." मी मान हलवली आणि पाण्याच्या टाकीकडं पळाले. तिथं रेंज गेली. परत आले तर चित्र थिजलेलं होतं, आवाज मात्र स्वच्छ येत होता. त्यांना मी ऐकू जात नव्हते, मला ते सगळे ऐकू येत होते.

"गाडीची वेळ व्हायलीय."

"कटला वाटतं फोन."

"पेपर असंल बाई तिच्या लेकराचा, कशाला तंगवता तिला?"

"त्रिवेणी, तूच म्हण. शेजारीण काय आन् आत्या काय!"

"मी म्हणते, पण नाव काय सांगू?"

मग माझी भावजय, राजेश्री, हळूच म्हणाली, "मैथिली म्हणा."

आणि मग बुक्के. धपाधप, धपाधप, आणि बायकांचं हसणं, आणि त्रिवेणीचं "अगं बास, मेले, मेले!" मी फोन कानाशी धरून ताठ उभी होते. नंतर कुणीतरी फोन गादीवर ठेवून दिला असावा. घुगऱ्या वाटायला पातेलं आणा म्हणाले, चहा टाका म्हणाले. मीच फोन बंद केला.

मला राग आला होता. पण रागवायला माणूस सापडेना. बन्सीनं माझा मान ठेवायचा प्रयत्न केला होता. त्रिवेणीनं अडलेलं काम पार पाडलं होतं. मॅडम त्यांची नोकरी करत होत्या. सगळे माझ्या भल्याचंच बघत होते, आणि सगळ्यांनी मिळून मला वगळलं होतं.

पेपर सुटला. "चल, पेडगावला जायचंय," मी शंतनूला म्हटलं.

"आई, तीन वाजता उत्तरं सांगणार आहेत."

"सांगू देत त्यांना."

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मुकाट्यानं दप्तर पाठीला लावलं. काळीपिवळी जीपमध्ये आम्ही दाटीनं बसलो. सबंध वाटेत तो एकदाच बोलला. "पेपर सोपा होता. म्हणजे सगळ्यांनाच सोपा गेला असणार." मी हं म्हटलं.

आम्ही पोचलो तेव्हा चुडाव्याची माणसं गेली होती, बाकी घर भरलेलंच होतं. पोराबाळांचा नुसता धुमाकूळ, कुणी माळेतली फुलं ओरबाडत होतं, कुणी पाळण्याखालून रांगत होतं. दारातनंच तो गलका ऐकला आणि मला वाटलं, आलो बाई आपल्या घरी.

"अक्का आली, अक्का आली," बन्सी पुढं धावला. मग त्यानं शंतनूला बघितलं आणि पोरांकडं वळून म्हणाला, "ए, गप बसा रे सगळी! दादा आलाय. व्हा बाहेर, व्हा!"

पोरं एकदम चिडीचूप झाली आणि पायांतल्या चपला हुडकत अंगणात गेली.

मला खुर्ची दिली. बाकीच्या सगळ्या बायका सतरंजीवर, माझी सख्खी आई सतरंजीवर, आणि मी खुर्चीत. राजेश्रीनं ओलं अंग सांभाळत उठून मला घुगऱ्या आणि पाणी आणून दिलं. "दमला असाल," म्हणाली. आईनं गुडघ्यावर हात ठेवून हळू आवाजात विचारलं, "पेपर चांगला गेला का गं त्याला?"

"गेला असंल," मी म्हटलं. "बाळ कुठाय?"

बाळ झोपलं होतं. मी टोपडं, झबलं उशाशी ठेवलं. मैथिली म्हणून हाक मारावी का नाही, ते मला ठरवता येईना. राजेश्री ओशाळून म्हणाली, "तुमच्या मनात दुसरं नाव होतं का, वन्सं?"

"न्हाई गं," मी म्हटलं. "हेच छान हाय."

तोवर बन्सीनं शंतनूला मागच्या खोलीत नेलं होतं. कॉटवरचे अहेराचे डबे उचलून कोपऱ्यात रचले, टेबलफॅन लावून दिला. "बस निवांत. कोण म्हणून तुला तरास देणार न्हाई." आणि बाहेर येऊन त्यानं दार ओढून घेतलं, कडीचासुद्धा आवाज होऊ न देता.

मग सगळ्याजणी कुजबुजत बोलायला लागल्या. त्रिवेणी आपल्या पाठीचं काहीतरी सांगत होती, तर दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं आणि बंद दाराकडं डोळ्यांनी खूण केली. कपबशा अलगद उचलल्या जात होत्या. माझ्या माहेरच्या घरात मी इतकी शांतता कधी ऐकली नव्हती.

"बन्सी, जोरात बोला की रे," मी म्हटलं. माझाच आवाज फाटला. "बारसं हाय, मयत न्हाई."

"असू दे अक्का," तो समजूत घातल्यासारखा म्हणाला. "एवढं लेकरू शिकायलंय, आमाला तेवढं कळत न्हाई का?"

सगळ्या माझ्याकडं प्रेमानं बघत होत्या. मला तिथं बसवेना. शंतनूला बघून येते म्हणाले आणि उठले. कुणीच "बस की गं" म्हणालं नाही.

मी दार ढकललं. दप्तर पाठीवरून उतरवलेलंही नव्हतं. पंखा भिंतीकडं तोंड करून फिरत होता. शंतनू खिडकीचे गज धरून उभा होता. बाहेर अंगणात पोरांनी विटा मांडल्या होत्या आणि कुणावर राज्य यावरून भांडण जुंपलं होतं. चांगलं कचाकचा भांडण.

"अभ्यास करायचा नाही का?" मी विचारलं. विचारायला दुसरं काही सुचलं नाही.

त्यानं नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाला, "आई, मी पण जाऊ का त्यांच्यात?"

"जा की. विचारतोस काय?"

त्यानं दप्तर कॉटवर ठेवलं. शर्ट नीट केला. दारापर्यंत गेला, कडीला हात लावला आणि तसाच माझ्याकडं वळला.

"पण जाऊन काय म्हणायचं असतं?"

पलीकडं माझ्या घरची सगळी माणसं बसली होती. मलाही आता बाहेर जाऊन त्यांच्याशी काहीतरी बोलायचंच होतं. मी आठवून बघितलं. मला आठवेना.

"थांब जरा," मी त्याला म्हटलं, आणि आम्ही दोघं दाराच्या आतल्या बाजूला उभे राहिलो.